नाणं ह्यांचं, फोटो कोणाचा?

तीस वर्षं मी एका दवाखान्यात एक्स-रे काढले. श्वास धरा, हलू नका, हे मी सांगायचं आणि खाली सही डॉक्टरांची. तिथे पगार मिळायचा, म्हणून मूग गिळून बसले. पण निवृत्तीनंतर घरातही तेच?

आमच्या ह्यांना नाण्यांचा नाद. देशोदेशीचे नाणेवेडे मिळून नेटवर एक सूची चालवतात. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि खाली फोटो काढणाऱ्याचं नाव. ह्यांच्या फोटोत नाण्यापेक्षा अंगठाच ठळक यायचा, तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी खिडकीपाशी बाटलीच्या झाकणावर नाणं ठेवायचं, म्हणजे खालचं कापड धूसर होतं. एका बाजूने पांढरा कागद धरला की झिजलेली अक्षरंही वाचता येतात. अशी चारशे बारा नाणी झाली. प्रत्येकाखाली नाव ह्यांचं.

विचारलं, तर चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, "अगं, नाणं माझं, मग फोटो कोणाचा?"

मला भयंकर राग आला. मला माझं नाव हवं होतं, चारशे बाराही ठिकाणी. भांडून काही मिळालं नसतं, म्हणून खोडी काढली.

पुढची दोन नाणी एकाच मापाची होती. एकावर दाढीवाला राजा, मागे जहाज. दुसऱ्यावर त्याचा मुलगा, मागे कणीस. मी ह्यांच्या हाती फोटोंची जोडी दिली ती दाढीवाल्याची आणि कणसाची. ह्यांनी न बघता ती सूचीवर चढवली.

दुसऱ्या दिवशी सूचीवर एकच गलका. राजा मेल्यावर नऊ वर्षांनी आलेलं कणीस त्याच्या पाठीवर कसं? टाकसाळीची चूक असणार, जगातलं एकमेव नाणं असणार! ह्यांनी नाण्यांचा अल्बम उघडून बघावा की नाही? छे. 'वीस वर्षांपूर्वीच मी हे हेरलं होतं,' असं ठोकून दिलं. दोन दिवस हे इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसत होते.

तिसऱ्या दिवशी सूचीच्या संपादकबाईंनी व्हिडिओ मागितला, नाणं हातात धरून उलटसुलट दाखवणारा. आता अल्बम उघडला. दोन्ही नाणी आपापल्या कप्प्यात, शेजारी शेजारी. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अहो, लिहून टाका ना, फोटो बायकोने काढले, तिच्याकडून सरमिसळ झाली," मी साळसूदपणे म्हटलं.

ह्यांनी ते अक्षरशः झेललं. लिहिलं, पाठवलं, सुटलो म्हणून पाय पसरले. तासाभरात बाईंचं उत्तर आलं. प्रांजळपणाबद्दल आभार मानून त्यांनी विचारलं होतं, की मग आधीचे फोटो कोणी काढले? सूचीच्या नियमाप्रमाणे नाव बटण दाबणाऱ्याचं लागतं.

ह्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग एका बोटाने टाइप केलं, 'तिनेच. सगळे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी नावं बदलली. मला वाटलं होतं, मी पोट धरून हसेन. पहिल्याच पानावर डोळे भरून आले. तरी एकेक पान उघडत गेले. दीडशेच्या आसपास असताना हे मागे येऊन उभे राहिले.

"एवढं काय बघतेस? सगळी नाणी तुझ्याच हाताखालून गेलीत."

"नाणी कोण बघतंय," मी म्हटलं आणि पुढचं पान उघडलं.