सत्तेचाळीस नंबरची जागा

पत्र बुधवारी आलं होतं. खरं तर ईमेल, पण आमच्या कॉलेजात त्याला पत्रच म्हणतात, कारण बबनराव छापून हातात दिल्याशिवाय काही वाचत नाहीत. आमच्या फायरवॉलमध्ये एक भोक सापडलं आहे, ताबडतोब अपडेट टाका, असं बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं. लॅब माझ्याकडे, त्यामुळे ते वीस मिनिटांचं काम माझं. मी ते केलं नाही.

भोक कसलं, तेही सांगते. फायरवॉल म्हणजे बाहेरचं इंटरनेट आणि आमची लॅब यांच्यामधला चौकीदार. बाहेरून येणाऱ्या निरोपासाठी तो मेमरीत ठरावीक जागा ठेवतो, पण निरोप त्या जागेत मावतो का, हे तो मोजतच नव्हता. दोन लिटरच्या किटलीत पाच लिटर दूध ओतलं की उरलेलं ओट्यावर जातं, तसा मोठा निरोप शेजारच्या मेमरीत सांडायचा. आणि शेजारी चौकीदारानं पाळायचे हुकूम ठेवलेले असतात. सांडणाऱ्यात कुणी आपले हुकूम मिसळले, की चौकीदार त्याचंच ऐकायला लागतो. मला हे सगळं कळत होतं.

दोन वर्षांपूर्वी असंच एक अपडेट टाकताना लॅब अर्धा दिवस बंद पडली होती. तेव्हा बबनरावांनी शिपायांदेखत माझी खरडपट्टी काढली. संस्था त्यांची, परीक्षेचे केंद्रप्रमुखही तेच. "चालू हाय ना थे? मंग कायले हात लावतं?" तेव्हापासून मी चालू वस्तूला हात लावत नाही. राग येणं, वाईट वाटणं, हेही त्यानंतर हळूहळू बंद झालं. त्याचं मला काही वाटलं नाही, आणि तेच तर सांगते आहे.

त्याच रविवारी आमच्या लॅबमध्ये सरळसेवा भरतीची संगणकावरची परीक्षा होती, देखरेखीला मी होते. बावन्न नंबरवर सुकेशनी नावाची बाई बसली होती. शिरपूरहून पहिल्या बसनं आलेली, अंगणवाडीत मदतनीस. तिचा पडदा लुकलुकत होता. शेजारच्या ओळीत सत्तेचाळीस नंबरचा मुलगा अजून आला नव्हता, म्हणून मी तिला तिथे बसवलं. उठता उठता तिनं सांगितलं की तिच्या वयाला बसणारी ही शेवटची भरती, आता नाही तर कधीच नाही. असं सगळेच सांगतात. मी मान हलवली. तो मुलगा धापा टाकत आला तेव्हा बावन्नची केबल घट्ट करून मी त्याला तिथे बसवलं. जागा बदलल्याची नोंद करायची असते. ती राहून गेली.

शेवटच्या अर्ध्या तासात सुकेशनीनं हात वर केला. मी गेले.

"म्याडम, माउस आपोआप चालून राह्यला. मी हात बी नाई लावला."

मी पाहिलं तेव्हा बाण पडद्यावर गप्प उभा होता. मी म्हटलं, तुमचा धक्का लागत असेल, पेपर सोडवा, वेळ चालला. पाच मिनिटांनी तिनं पुन्हा हात वर केला. मी गेले नाही, लांबूनच खाली बसायची खूण केली. तिसऱ्यांदा तिचा हात बराच वेळ वर होता. मी हजेरीपट जुळवत होते.

निकालात तिला शंभरपैकी त्र्याण्णव मिळाले, केंद्रात सर्वांत जास्त. आठवडाभरात चौकशी लागली. परीक्षा घेणाऱ्या एजन्सीनं हसनैन नावाचा शांत माणूस पाठवला. त्यानं तासाभरात सगळं शोधून काढलं. एका टोळीनं बाहेरून मोठा निरोप पाठवून फायरवॉल ताब्यात घेतली होती आणि तिच्यातून आत शिरून सत्तेचाळीस नंबरच्या संगणकावरचा पेपर दुसरीकडे बसून सोडवला होता. गिऱ्हाईक तो उशिरा आलेला मुलगा. तो बिचारा बावन्नवर बसून माउस कधी हलतो याची वाट पाहत राहिला आणि कोरा पेपर देऊन गेला. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते.

पण तो पोरगा सगळं नाकारत होता आणि सुकेशनीच त्या जागेवर मुद्दाम येऊन बसली असं दिसत होतं. टोळीची गिऱ्हाईक ठरली तर गुन्हा दाखल होणार, अंगणवाडीचं कामही जाणार. तिला वाचवणारी एकच गोष्ट होती. पैसे देऊन माउस चालवून घेणारं माणूस हात वर करून बाईंना बोलावत नाही. त्या ओळीवरचा कॅमेरा खांबाआड होता. तिचा हात पाहिलेली फक्त मी होते.

बबनरावांनी माझं निवेदन टाइप करूनच आणलं. अपडेटची सूचना मिळाली नाही. उमेदवारानं स्वतः आग्रह करून जागा बदलली. परीक्षेदरम्यान कोणतीही तक्रार केली नाही. तिन्ही वाक्यं खोटी होती. मी सही केली आणि खाली तारीखही घातली. लाज वाटायला हवी होती. मला पेन नीट चालतंय एवढंच जाणवलं.

सुनावणीच्या दिवशी कचेरीच्या बाकावर सुकेशनी माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिच्याच बाजूनं आले आहे, असं ती धरून चालली होती.

"बरं झालं तुमी आल्या. तुमीच तं पाह्यलं होतं."

आत चौकशीच्या साहेबांनी माझं निवेदन मोठ्यानं वाचलं. सुकेशनी ओरडली नाही, रडली नाही. तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि हळूच विचारलं, "असं लिहून देल्लं तुमी?"

मी उभी राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं, कुणी हजेरी घेतल्यावर उभं राहावं तशी राहिले. निवेदन खोटं आहे, म्हटलं. पत्र बुधवारी आलं होतं. जागा मी बदलली. तिनं तीनदा हात वर केला, मी एकदाच गेले. बबनराव माझ्याकडे पाहत होते. साहेबांनी लिहून घेतलं, मी पुन्हा सही केली.

सुकेशनीवरचा आळ गेला. पेपर मात्र रद्द झाला, कारण त्यातली उत्तरं दुसऱ्याचीही होती. फेरपरीक्षेची तरतूद नव्हती. मला बबनरावांनी कचेरीच्या पायरीवरच सांगितलं की उद्यापासून येऊ नको. बरं, म्हटलं. खरंच काही वाटलं नाही.

मग हसनैन बाहेर आला. सुकेशनीला पाहून थांबला. तिला बरं वाटावं म्हणूनच बोलला असणार.

"ताई, माउस हलायच्या आधी तुमी एकाहत्तर सवाल सोडवले होते. चौसष्ट बराबर हायेत. पेपर पुरा करू देल्ला असता तं तुमचं नाव लिस्टमदी राहातं."

सुकेशनीनं त्याला तो आकडा पुन्हा सांगायला लावला. मग माझा दंड धरला. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो नव्हताच. ती हसत होती.

"आयकलं का म्याडम? चौसष्ट. मले वाटे, आपल्याले काई येतच नाई."

तिनं तिथेच घरी फोन लावला आणि तो आकडा सांगू लागली. मला तिच्याकडे पाहवेना. छातीत काहीतरी इतकं दुखलं की मी पायरीवर खाली बसले.