एकतीस नंबरचं हसू

मित्रांनो, मी एक जुना ऐकण्याचा डबा आहे. रंगाने करडा, समोर आकड्यांची चकती, पोटात छोटा कर्णा. वटवाघळांचा माणसाला ऐकू न येणारा बारीक आवाज ऐकवायला मला घडवलं. नशिबात मात्र अमेरिकेत, ओहायोतल्या एका कॉलेजचे पांढरे उंदीर आले.

तिथल्या डॉक्टर व्होग्टना वाटायचं, आनंद ही काही एकट्या माणसाची मिरास नाही. त्यांची मदतनीस डोरीन उंदरांच्या मानेला, पोटाला गुदगुल्या करी आणि माझ्यातून किलबिल बाहेर पडे. उंदीर हसत होते! पाहुणे प्राध्यापक यायचे ते उंदराकडे कमी, माझ्याकडे जास्त बघायचे. समोर जीव लोळून हसत असला तरी माणसाला डब्याची साक्ष लागते. ती मी अकरा वर्षं दिली. कॉलेजच्या पत्रिकेत माझा अख्खा फोटो आला. डोरीनचा नुसता हात.

"हसू लिहू नकोस, डोरीन. 'पन्नासवरचा आवाज' लिही," व्होग्ट माझ्या चकतीवरच्या पन्नासच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणायचे.

"बरं. मग तुमच्या विनोदांवर मी जे करते, तोही आवाजच ना?"

"माझ्या विनोदांवर तू हसलीस कधी?"

"तेच म्हणतेय मी."

मेंदूत हसू कुठे उगवतं ते पाहायचं, तर हसत्या उंदराला लगेच शेजारच्या खोलीत नेऊन कायमचं झोपवावं लागे. जो हसणार नाही तो बाद. बाद उंदीर घरी न्यायची मुभा होती.

उंदरांना नावं द्यायची पद्धत नव्हती. तरी एकतीस नंबरचा डोरीनच्या बाहीत शिरून बसायचा. त्याची पाळी आली, तेव्हा तिने घरी खिडकीपाशी पिंजरा मांडून ठेवला होता. त्या सकाळी तिने गुदगुल्या करायच्या पेटीत, त्याच्याजवळ हात ठेवला तो लाकडासारखा. बोटं हलेनात.

"हात का आखडलाय?"

"सांधे धरलेत, डॉक्टर."

व्होग्ट काही दूधखुळे नव्हते. घड्याळाकडे बघत म्हणाले, "मिनिटभर थांबू. गप्प राहिला तर ने बाई त्याला."

मित्रांनो, मीही मनात म्हणत होतो, गप्प बस रे बाबा! चाळीस सेकंद गेले. एकतीसने तो ताठ हात हुंगला, नाकाने ढोसला. मग आपणच त्याखाली उताणा झाला आणि हसला.

आणि मी वाजलो. खोटं बोलत नाही, हेच तर माझं आजवरचं कौतुक!

व्होग्ट पेटीपाशी आले. "मी नेतो. तू बाहेर जा."

"नको. तुमचा हात त्याच्या ओळखीचा नाही. घाबरेल."

तिने त्याला ओंजळीत घेतलं. दार लागेपर्यंत मी वाजत होतो. शेजारच्या खोलीत जाताना तो हसत होता.

शोध गाजला. उंदराचा आनंद आपल्यासारखाच असतो, हे सिद्ध झालं. डोरीनने महिन्याभरात नोकरी सोडली. पुढे नवी यंत्रं आली आणि मी खणात पडलो.

मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, एखादा मुका जीव हसत तुमच्या हाताकडे आला, तर तो आनंद खरा की खोटा हे डब्याला विचारू नका. तो हात त्याला कुठे नेणार आहे, ते आधी स्वतःला विचारा.