बाविसावं मिनिट

देवाजी गजभिये यांनी आपल्या निवृत्तीच्या सत्काराचा व्हिडिओ घरच्या सर्व्हरवर चढवला आणि नातेवाइकांना लिंक धाडली. पण ज्याच्या त्याच्या फोनला झेपेल असा तो ऐनवेळी बारीक करून देताना सर्व्हर म्हणून लावलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा दम निघायचा. "भाऊ, नुसतं गोल फिरून राहिलं," असं सावनेरची बहीण रत्नमाला रोज कळवायची. देवाजींचं भाषण बाविसाव्या मिनिटाला होतं. तिथवर कोणी पोचत नाही याचं कारण त्यांना उमगलं, आणि त्यांनी व्हिडिओ बारीक करायच्या कामाला ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. आता सहा घरांनी एकदम पाहिला तरी व्हिडिओ अडकेना.

कोण कुठवर पाहतं हे सर्व्हर दाखवतो. देवाजींनी चष्मा पुसून पाहिलं. सहाही घरं बाविसाव्या मिनिटाला थांबली होती आणि तेहेतिसाव्याला, पंगत बसते तिथून, पुन्हा सुरू झाली होती. मधली अकरा मिनिटं लिहायला त्यांना तीन आठवडे लागले होते.

त्यांनी फोन लावला.

"रत्ना, आता बराबर चालते काय वं?"

"एकदम मख्खन, भाऊ! भाजीवरची तर्री बी दिसते."

"आन् माहं भाषण?"

"तिथं अडकते थोडं," ती म्हणाली.

"अडकत असन," देवाजी म्हणाले. "कार्ड नवीन आहे. भाषणाची सवय नसन त्याले."