जबाबदारी: सर्वजण

प्रात्यक्षिकाला चाळीस मिनिटं उरली असताना मुकादमने प्रकल्पाच्या कामांच्या तक्त्यातली सतरावी ओळ वाचली आणि ती कॉलेजच्या जिन्यावरच बसली.

मुकादम हे तिचं टोपणनाव; तिच्या गटातल्या वेल्डर आणि पाल्हाळचीही तशीच. अभियांत्रिकीचं शेवटचं वर्ष. 'उद्योग-आराखडा व प्रकल्प व्यवस्थापन' या विषयात ती गेल्या वर्षी नापास झाली होती. यंदाही दांडी उडाली तर पदवी लांबणार आणि एक तारखेपासूनची नोकरी हातची जाणार. सकाळी निघताना आई म्हणाली होती, "यंदा तरी कुणाच्या नादी लागू नकोस, एकटीने कर." या विषयात गुण मिळतात तेच मुळी मिळून काम करण्याचे, हे आईला कोण सांगणार?

सतराव्या ओळीत लिहिलं होतं: पूर्ण वजनाची चाचणी, चाळीस किलो, बारा पायऱ्या. जबाबदारी: सर्वजण.

"वेल्डर, ही चाचणी कधी केलीस रे?"

गटाचा प्रकल्प म्हणजे जिना चढणारी सामानाची गाडी, आणि ती वेल्डरनेच जोडली होती. "मी? मला वाटलं पाल्हाळने केली."

पाल्हाळने बाजारपेठेवर बावीस पानं लिहिली होती आणि आज बोलायचंही त्यालाच होतं. "मी आपली रिकामी चढवली. झकास चढली की!"

"रिकाम्या हाताने माझी आजीपण चढते."

बाकीच्या सोळा ओळींपुढे एकेकाचं नाव होतं आणि सोळाही कामं वेळेत झाली होती. सतरावं काम इतकं महत्त्वाचं, की एकट्यावर टाकणं बरं दिसेना. म्हणून ते सर्वांना दिलं, आणि सर्वांनी मोठ्या विश्वासाने एकमेकांवर सोडलं.

प्रयोगशाळेतून दहा-दहा किलोची चार वजनं आली. गाडी निघाली. चार, पाच, सहा. सातव्या पायरीवर खट्कन आवाज झाला, साखळीने दात सोडला आणि गाडी मागे आली. वेल्डरने खांदा लावला म्हणून पाल्हाळचे पाय वाचले.

"पुन्हा," मुकादम म्हणाली.

पुन्हा सातवी. पुन्हा खट्. एक वजन काढलं, तेव्हा गाडी वरपर्यंत गेली. बारा मिनिटं उरली होती.

"तीसच ठेवू," पाल्हाळ कुजबुजला. "वर कापड टाकू. कोण मोजतंय?"

"आणि उद्या कुणी चाळीस ठेवून खाली उभं राहिलं तर? तुझी बावीस पानं आडवी घालू?"

"ताई, गुण सगळ्यांना एकच आहेत. बुडालो तर सगळेच बुडणार," वेल्डर म्हणाला. "पण आमची ही पहिलीच वेळ. तुझं काय?"

तिने तक्त्यातलं 'सर्वजण' खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

बाहेरून आलेले परीक्षक तीस वर्षं कारखाना चालवत होते आणि त्या काळात हसल्याची नोंद नव्हती. शेजारी दुसरे परीक्षक, विषय शिकवणारे सर. पाल्हाळने तोंड उघडण्याआधीच मुकादम पुढे झाली.

"साहेब, गाडी तीस किलो नेते. चाळीसला सातव्या पायरीवर साखळी सुटते. हे आम्हाला अर्ध्या तासापूर्वी कळलं, कारण चाचणी कुणाचीच नव्हती. चूक माझी."

बाहेरच्या परीक्षकांनी आपल्याकडची तक्त्याची प्रत उघडली. "माझ्या प्रतीत इथे 'सर्वजण' आहे. खाली 'तपासले' म्हणून दर आठवड्याला एक सही. सहा सह्या. कुणाच्या?"

सर छताचा पंखा बघू लागले. पंखा बंद होता.

"माझ्या," ते शेवटी म्हणाले.

गाडीने तीस किलो मुकाट्याने वर नेले. दोघे परीक्षक उठले आणि दाराकडे निघाले. गुणपत्रिका टेबलावरच राहिली. मुकादमने धीर करून डोकावलं: गुणांचा रकाना कोरा होता. खाली छापलं होतं, 'गुण भरणे: परीक्षक मंडळ'.

ती दारापर्यंत धावली. "सर, गुण कोण भरणार?"

"हे," दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून म्हणाले.

सरांचे कान लाल झाले. ते परत आले, 'परीक्षक मंडळ' खोडलं, स्वतःचं नाव लिहिलं. पास व्हायला चाळीस लागत. त्यांनी एक्केचाळीस लिहिले.

"वरचा एक कशाचा?" परीक्षकांनी दारातूनच विचारलं.

"सतराव्या ओळीचा," सर म्हणाले आणि खाली सही केली. या वेळी वाचून.