दोन बोटं जागा

“दोन बोटं जागा जास्त सोड, पोरी. आणि का म्हणून विचारू नकोस.”

तीस वर्षं झाली, तरी थोरलीच्या कानात तो आवाज तसाच होता. यंत्रांच्या खडखडाटावर चढलेला, घोगरा, कुणाचं ऐकून न घेणारा. आवाज कारखान्यातल्या जुन्या मास्तरांचा. दवाखान्यांच्या चादरी धुणारी अवाढव्य यंत्रं त्या कारखान्यात तयार होत. आतला ढोल गरगरायला लागला की अख्खं यंत्र जागा सोडून चालायला लागेल, म्हणून ढोल स्प्रिंगांवर बसवायचा. तो किती हलेल याचं गणित थोरली करायची, आलेल्या उत्तरात दोन बोटं मिळवायची आणि बाहेरचा पत्रा तेवढा लांब ठेवायची. तीस वर्षांत एकही ढोल पत्र्याला लागला नाही. का लागला नाही, ते मास्तर बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. पुढे हाताखालची मुलं विचारायला लागली, तेव्हा ती चष्मा काढायची, पुसायची, पुन्हा लावायची आणि म्हणायची, “अनुभव म्हणतात त्याला.”

त्यातला एक मुलगा फारच विचारायचा. तिने त्याचं नावच प्रश्नपत्रिका ठेवलं होतं. आता तोच साहेब होऊन खुर्चीत बसला होता आणि त्याचं फर्मान निघालं होतं: कागदावरची गणितं बंद. शनिवारी ज्याने त्याने आपलं गणित सॉफ्टवेअरमध्ये करून दाखवायचं, ओळ न ओळ समजावून सांगायची. ज्याला जमेल, नकाशावर शेवटची सही त्याची.

थोरलीची सही म्हणजे उजव्या कोपऱ्यातलं एक वेटोळं, अगदी स्प्रिंगसारखं. एवढ्या वर्षांत सही चुकली नव्हती आणि कोपराही.

“माझा कोपरा गेला तर मी त्या कारखान्यात काय चादरी धुऊ?” ती घरी येऊन म्हणाली.

“मी शिकवते की,” धाकटी म्हणाली.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, स्वयंपाकघर एक, आणि भांडायला विषय भरपूर. धाकटी कॉलेजात मुलांना हेच सॉफ्टवेअर शिकवायची. सोमवारपासून रोज सकाळी, चहाच्या कपांच्या मधोमध, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला जाऊ लागला.

पहिल्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

“हे माझ्यावर ओरडतंय.”

“ओरडत नाहीये, ताई. विचारतंय. तुम्ही स्प्रिंगचा ताठरपणा वापरलात, पण तो किती ते सांगितलंच नाही.”

“एवढं साधं त्याला कळू नये? आमच्या शिपायालासुद्धा कळतं.”

“मग शिपायाकडून करून घ्या गणित.”

मंगळवारी लाल अक्षरं कमी झाली. बुधवारी थोरलीच्या जिवात जीव आला आणि जीव आला की तिला गाणी सुचायची. कप विसळता विसळता तिने सूर लावला:

“धाकटी माझी जाऊ, यंत्राशी बोलते गं,
माझ्याशी बोलताना भुवई तोलते गं!”

धाकटीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. तिथूनच उत्तर आलं:

“थोरली माझी जाऊ, बोटांनी मोजते गं,
कारण विचारलं की चष्मा पुसते गं!”

थोरली हसली खरी, पण कप जरा जास्तच वेळ विसळत राहिली.

गुरुवारी तिचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालला. पडद्यावर उत्तर आलं: एकोणचाळीस मिलिमीटर. थोरलीने पिशवीतून कागद काढला. त्यावरही एकोणचाळीस. तिने कागद असा फडकवला, जसा काही निवडणुकीचा निकाल.

“थांबा, ताई. ही शेवटची ओळ काय आहे? आलेल्या उत्तरात पस्तीस मिळवलेत?”

“असतात ते.”

“पस्तीस कशाचे?”

“दोन बोटांचे.”

“कुणाच्या?”

“माझ्या,” थोरलीने दोन बोटं जुळवून तिच्या नाकासमोर धरली. “कॅलिपरने मोजून घेतलीत. चौतीस पूर्णांक सहा. आपण काय अंदाजाने काम करतो होय?”

धाकटी इतकी हसली की चहा सांडला. टेबल पुसता पुसता तिचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं.

“ताई, तुमच्या कागदावर ढोल पूर्ण वेगात असतानाचंच गणित आहे. तो थांबल्या जागेवरून त्या वेगापर्यंत जातो कसा, ते बघायचं का? कागदावर जन्म जाईल. इथे दहा ओळी.”

दहा ओळी लिहायला शुक्रवारची सकाळ उजाडली. मग पडद्यावर रेघ उमटत गेली. आधी बारीक थरथरली, मध्येच उंदीर गिळलेल्या सापासारखी फुगली आणि पुढे पुन्हा बारीक झाली.

“हे पोट कसलं?”

“झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का बसला की तो चढत जातो ना? वेग घेताना ढोल मध्येच स्प्रिंगांच्या लयीत सापडतो. पुढे सुटतो आणि शांत होतो. शेवटचे चार मिलिमीटर तुमच्या कागदावरचेच. पण मधलं पोट बघा: एकतीस!” धाकटीने टेबलावर थाप मारली. “म्हणजे तुमच्या एकोणचाळीसात आरामात बसतंय. ताई, ही बोटं याचसाठी होती! तुम्हाला सगळं माहीत होतं आणि चार दिवस मला नाचवलंत!”

थोरलीने चष्मा काढला. पुसला. लावला.

“आता नव्या यंत्राची मोटर घाल,” ती एवढंच म्हणाली. “ती हळूहळू वेग घेते.”

धाकटीने आकडा बदलला. ढोल त्या लयीत जास्त वेळ अडकला, पोट वाढलं. सेहेचाळीस.

नव्या यंत्राचा नकाशा थोरलीच्या टेबलावर सहीची वाट पाहत पडला होता. त्यात पत्र्याला जागा होती एकोणचाळीसची. ढोल पत्र्याला पहिल्याच दिवशी भेटला असता. दोन बोटं तीस वर्षांत पहिल्यांदाच कमी पडली होती आणि कमी पडतायत हे तिला कळलं नसतं. कारण पुरत होती तेव्हा का पुरत होती, हेच तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी प्रश्नपत्रिकेच्या केबिनमध्ये तिने ओळ न ओळ सांगितली. तो मान डोलवत ऐकत होता. शेवटी त्याने नकाशा पुढे ओढला. त्यावर एकोणचाळीस खोडून पन्नास लिहिलेले होते.

“बाई, तुम्ही खोडलंत? हे बघायला तर मी रजेवर असतो तरी आलो असतो.”

“साहेब झालास तरी खोड्या गेल्या नाहीत तुझ्या.”

“प्रश्नही नाही गेले.” त्याने पेन काढून तिच्यासमोर ठेवलं, पण बोट पेनावरच राहू दिलं. “हाताखाली होतो तेव्हा विचारलं होतं, आज पुन्हा विचारतो. जुन्या सगळ्या नकाशांत जास्तीचे पस्तीस आहेत. ते या पोटासाठीच होते ना?”

उत्तर त्यानेच ताटात वाढून ठेवलं होतं. नुसतं “हो” म्हटलं असतं, तरी पेन तिचं होतं, कोपरा तिचा होता आणि तीस वर्षांची शहाणीही तीच ठरली असती. मास्तर येऊन “खोटं” म्हणणार नव्हते.

थोरलीचा हात चष्म्याकडे गेला. तिने तो काढला. कापड पिशवीतच होतं. ती क्षणभर त्या धूसर केबिनकडे बघत राहिली आणि चष्मा न पुसताच तिने पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“पेन हवं तर परत घे,” ती म्हणाली. “मला ठाऊक नव्हतं, बाळा. तू विचारायचास तेव्हाही नव्हतं. ते काल सकाळी कळलं, आमच्या धाकटीमुळे.”