उन्हाळ्यातलं पाणी

"हात लावून बघा स्वतःच," सून म्हणाली आणि बाजूला झाली.

थोरली, म्हणजे तिची सासू, डोळ्याचं ऑपरेशन करून आजच दवाखान्यातून परतली होती. घरात न शिरता ती तडक आर्टिचोकच्या, त्या कळ्यांच्या भाजीच्या, वाफ्यात येऊन बसली. काळा चष्मा कपाळावर सरकवून तिनं, जाण्याआधी स्वतःच जमिनीलगत कापलेला एक बुंधा दाबला. उकडलेल्या बटाट्यात जावं तसं बोट आत गेलं. आंबूस वास आला.

"पाणी कुणी पाजलं?"

"मी. सगळं वाळून चाललं होतं, आई. तुम्ही येऊन म्हणाल, माझ्या माघारी वाफा मारला. म्हणून माझ्या अंघोळीचं पाणी आणून घालत होते."

"अगं बये, वाळलं नव्हतं, झोपलं होतं ते! उन्हाळ्यात याचं पाणी तोडायचं असतं. उन्हाळा सरला की पाजायचं, मग ते फुटतं. भर उन्हात ओल दिली की गड्डा सडतो."

"मग जाताना सांगायचंत की!"

सांगणार काय, कपाळ? पोटच्या मुलालाही थोरलीनं ही खुबी कळू दिली नव्हती. टंचाईतही पाणी घालघालून साऱ्या वस्तीचे वाफे उन्हाळ्यात सडायचे, हिचा तेवढा टिकायचा. त्याच तोऱ्यात ती मिरवायची, येताजाता चार जणींना टोमणे मारायची.

"विळा आण. कडेची पिल्लं अजून टणक लागतायत. सडकं खरवडून टाक, तेवढी सोडव."

सून वाकून कामाला लागली, तोच कुंपणावरून शेजारीण डोकावली. थोरलीचे सगळ्यात जास्त टोमणे हिनंच खाल्लेले.

"काय गं थोरले, वास कसला? सूनबाईंनी दिवे लावले वाटतं तुझ्या माघारी!"

सुनेचा विळा थांबला.

"तिला कशाला मध्ये घेतेस?" थोरली म्हणाली. "मीच सांगून गेले होते, रोज पाणी घाल म्हणून. चुकलं माझं."

"तुझं? चुकलं?"

"ऐकू कमी येतं का तुला?"

शेजारीण लगबगीनं निघाली. आता ही बातमी घरोघर जाणार, हे थोरलीला कळत होतं.

सुनेनं मान वर केली नाही. सोडवलेलं पिल्लू तिनं हळूच थोरलीच्या मांडीवर ठेवलं. थोरलीनं चष्मा डोळ्यांवर ओढला.

"मुळं मोडू नकोस," ती म्हणाली.