ती मापात चुकली नव्हती

घाबरू नका, मला सुई नाही. लहान मुलांना पातळ औषध पाजायची साधी सिरिंज मी. पारदर्शक अंग, मागे पांढरा दट्ट्या आणि अंगावर एकपासून पाचपर्यंत काळ्या रेघा. कारखान्यात मला मॅग्नेशियमच्या बाटलीसोबत एका खोक्यात घातलं आणि औषधाच्या दुकानात आम्ही महिनाभर फळीवर उभ्या होतो.

एका दुपारी ती आली. पडदे शिवणारी बाई. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान नव्हतं. तिची पाच वर्षांची मुलगी, घरी तिला मुंगी म्हणत, जिना चढताना पडायला लागली होती. मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं आणि त्यावर औषध नाही हेही. रक्तात मॅग्नेशियम जरा कमी आलं होतं, तेवढं द्या म्हणाले. पोटऱ्यांत गोळे येतात ते कमी होतील.

तिने फळीवरचा सगळ्यात जास्त मिलिग्रॅमचा आकडा लिहिलेला डबा उचलला. दुकानातल्या बाईंनी तो हळूच काढून घेतला.

"ताई, हा मोठ्यांचा. आणि आकड्याला भुलू नका. हा अख्ख्या क्षाराचा आकडा, त्यात खरं मॅग्नेशियम थोडंच असतं. चिठ्ठी बघू. मूत्रपिंडाची तक्रार नाही ना मुलीला?"

"नाही. तपासलंय."

चिठ्ठी वाचून त्यांनी आमचं खोकं पुढे केलं. "रोज एकदा, जेवण झाल्यावर, अडीच मिलिलिटर. चमच्याने नको, यातल्या सिरिंजनेच."

ती मापात चुकणारी बाई नव्हती. मला उजेडात डोळ्यांसमोर धरायची, बुडबुडा टिचकीने वर काढायची आणि दोन आणि तीनच्या बरोबर मध्ये थांबायची. मुंगी तोंड वाकडं करून गिळायची आणि जीभ दाखवायची. संपलं!

पंधरा दिवसांत गोळे कमी झाले. एका संध्याकाळी मुंगी कठड्याला धरून तीन पायऱ्या चढली. आई धावत आत आली, नवऱ्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली. "बघा, बघा तुम्ही!" बस चालवून दमलेला तो माणूस पायरीवरच बसला आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

त्या आनंदानेच घात केला. अडीचने तीन पायऱ्या, मग पाचने? दुसऱ्या दिवशी तिचा अंगठा अडीचवर थांबला नाही. मी रेघ दाखवते. हात धरून थांबवायचं माझ्या हातात नाही. चार दिवस मी काठोकाठ भरत होते, दिवसातून दोनदा.

पाचव्या दिवशी मुंगीला जुलाब लागले. संध्याकाळपर्यंत पोर चादरीसारखी गळून पडली. दवाखान्यात बाबांनी विचारलं, "अगं, तू कशी माप चुकलीस?"

"चुकले नाही," ती म्हणाली. "मोजून दिलं."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "ताई, याने गोळे कमी होतात. पायात बळ येत नाही. कितीही दिलं तरी."

मुंगी वाचली. पण दहा दिवस अंथरुणात काढल्यावर तिला खाली उतरवलं, तेव्हा पाय उभेच राहिले नाहीत. आजार तिकडेच चालला होता, डॉक्टरांनी समजावलं, आज ना उद्या हे होणारच होतं. आईने त्यातलं 'आज' तेवढं ऐकलं.

आता डॉक्टरांनी पुन्हा अडीच सुरू केलंय, कारण गोळे परत आलेत. आई मला हात लावत नाही. धुवून धुवून माझ्या रेघा पुसट झाल्यात. बाबा चष्मा लावून अंदाज घेतात. लवकरच मला टाकतील आणि नवी आणतील. जाण्यापूर्वी एवढंच मागते: तुमच्या घरी माझी बहीण असेल, तर सांगितलेल्या रेघेवर थांबा. आणि त्या बाईला नावं ठेवू नका.

काल बाबा मला भरत होते. मुंगी उशीला टेकून बघत होती.

"बाबा, आई द्यायची तेवढं दे ना, भरपूर. मग मी चालेन."

आतल्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं.

बाबांनी मला खिडकीकडे धरलं, अडीच कुठे ते खूप वेळ शोधलं आणि म्हणाले, "आ कर, बाळा."